ऐकण्याची गोष्ट : जात्यापासून बोलत्या पुस्तकापर्यंत

मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस बोरघाट चढून वर आला की लोणावळ्याला लागून कुसगाव येते. मावळात या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. आम्ही म्हणतो ते लोणावळ्याला खेटून असलेले कुसगाव बुद्रुक. २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग या गावाजवळून जातो. खोपोलीकडून डोंगराच्या पोटातून येणारा जो जोडमार्ग 'मिसिंग लिंक' या नावाने सर्वांना माहीत झाला, त्याचे वरचे टोकही कुसगावच. शेजारून लोहमार्ग जातो आणि त्यावरून पुण्याची लोकल धावते. या मोटारींत आणि या लोकलमध्ये कानात यंत्र घालून बसलेली माणसे आता सर्रास दिसतात. कुणी गाणी ऐकतो, कुणी बातम्या, आणि कुणी चक्क कादंबरी ऐकत असतो.

श्राव्य पुस्तक किंवा ऑडिओबुक या नावाने हा जो प्रकार आपल्याकडे रुजला, त्याविषयी मराठीत बोलले जाते ते बहुधा दोन टोकांवरून. एक टोक म्हणते, वाचन संपले. दुसरे म्हणते, ही नवी क्रांती आहे. आम्हांला ही दोन्ही टोके इतिहासाला धरून वाटत नाहीत. महाराष्ट्रातील बहुसंख्य माणसांनी, आणि त्यांत आम्हां मुस्लिम मराठी माणसांच्या मागच्या पिढ्यांनी, साहित्य डोळ्यांनी कधी वाचलेच नव्हते. ते त्यांच्यापर्यंत कानावाटे आले. म्हणून खरा प्रश्न वेगळा आहे. ऐकलेली गोष्ट गोड कशाने लागते? सांगणाऱ्याच्या आवाजाने की गोष्टीच्या बांधणीने? आणि आज जी पुस्तके बोलू लागली आहेत, ती कुणाच्या आवाजात बोलतात? या प्रश्नांची उत्तरे शोधायला दूर जावे लागत नाही. मावळच्या मातीत त्यांतील बरेचसे साहित्य पडून आहे.

डोळा मागे फिरतो, कान फिरत नाही

वाचणारा माणूस एखादे वाक्य समजले नाही तर मागे जातो. पात्राचे नाव विसरले तर चार पाने उलटतो. कंटाळा आला तर दोन परिच्छेद गाळतो. ऐकणाऱ्याला ही सोय नाही. शब्द एकदा हवेत गेला की गेला. आजच्या यंत्रात मागे जाण्याची कळ आहे हे खरे. पण गाडी चालवणारा किंवा पोळ्या लाटणारा माणूस ती दर मिनिटाला दाबत बसत नाही.

ही अडचण आपल्या जुन्या कवींनी पुरती ओळखली होती. ज्ञानेश्वरी ही मुळात बोललेली आहे. नेवाशाला ज्ञानदेवांनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, अशी परंपरा आहे. म्हणून त्या ग्रंथात श्रोता सतत समोर बसलेला असतो. कवी त्याच्याकडे अवधान मागतो, त्याची थोरवी गातो, त्याच्या मनातली शंका स्वतःच विचारतो आणि मग उत्तर देतो. एका विचारासाठी तीन-चार दृष्टांत येतात. छापील पानावर हा पसारा वाटू शकतो. कानाला मात्र त्याची गरज असते, कारण पहिला दृष्टांत निसटला तर दुसरा पकडता येतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' रचला, तो याच ओवीछंदात. एका मुसलमान साधकाने सूफी आणि योगमार्गाच्या खाणाखुणा मराठी श्रोत्याला सांगायला घेतल्या तेव्हा त्याने सांगण्याची पद्धत परकी आणली नाही. श्रोत्याच्या कानाला जी सवय होती तीच पत्करली.

कुसगावच्या जवळ, लोणावळ्यालगतच्या कुरवंड्याच्या डोंगरात इंद्रायणी उगम पावते आणि मावळातून वाहत देहूला, पुढे आळंदीला जाते. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या याच इंद्रायणीत बुडाल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. वह्या तरंगून वर आल्या की काय, यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. आमच्यापुरते एवढे पुरे आहे की, हे अभंग लोकांना तोंडपाठ होते, आणि तोंडपाठ असलेले काही बुडत नाही. अभंगाची रचनाच पाठ होण्यासाठी आहे. ध्रुपद वारंवार येते, चरण आटोपशीर असतात, शेवटी कवीचे नाव येते आणि श्रोत्याला कळते की, आता विचार पुरा झाला. ज्या संताजी जगनाडे यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले, त्यांची समाधी सुदुंबऱ्याला, म्हणजे याच मावळ तालुक्यात आहे. लेखणी आणि जीभ दोन्ही येथे शेजारी नांदल्या.

हात कामात, कान मोकळे

श्राव्य पुस्तकाची जाहिरात करताना सांगतात की, काम करता करता ऐका. या जाहिरातीची मूळ मालकी जात्यावर बसलेल्या बाईकडे जाते.

मावळ, मुळशी, वेल्हे या डोंगरी तालुक्यांत गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून त्यांचे या बायांशी नाते जडले होते. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. शेकडो बायांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले. आपल्या भाषेतले हे एक फार मोठे श्राव्य ग्रंथालय आहे. त्यातल्या बहुतेक लेखिकांना लिहिता येत नव्हते.

या ओव्यांची बांधणी पाहण्यासारखी आहे. जाते ओढण्याची एक लय असते. ओवी त्या लयीत बसते. दम लागला की थांबते, शेजारीण पुढची ओढते. कथा सलग नसते. सीतेचा वनवास, सासरचे दुःख, भावाची वाट पाहणे, मुलीचे कौतुक हे सारे दोन-दोन ओळींच्या तुकड्यांत येते आणि प्रत्येक तुकडा आपल्यापुरता पुरा असतो. ऐकणारी बाई मध्येच उठून चुलीकडे गेली आणि परत आली, तरी तिचे काही बिघडत नाही. लक्ष सतत एकसारखे राहणार नाही, हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे. निवेदक म्हणून बोलणारी बाई 'मी' असते, पण तो 'मी' एकटीचा नसतो. जात्यावर बसेल तिचा तो असतो.

हेच शहाणपण दख्खनच्या सूफींनी उचलले. विजापूरच्या सूफी परंपरेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' या नावाची दखनी पदे सतराव्या शतकात रचली गेली. दळणाऱ्या आणि सूत कातणाऱ्या बाईच्या तोंडी ती बसावीत म्हणून त्यांत जात्याचा खुंटा, मधली कीळ, फिरणारी पाळ यांनाच अर्थ दिले. खुंटा उभा, म्हणून तो अलिफ, म्हणजे अल्लाहच्या नावाचे पहिले अक्षर. फारसीतले मोठमोठे ग्रंथ ज्या घरापर्यंत पोहोचले नाहीत, तेथे हे पद दळणाबरोबर पोहोचले. दख्खनच्या खेड्यांत इस्लामचा विचार जिरला, त्यात तलवारीचा वाटा किती आणि या चक्कीचा किती, याचा हिशेब मांडताना इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी या गीतांना मोठे स्थान दिले आहे. आमच्या घरांतल्या आजीच्या पिढीने धर्म आणि कथा एकत्रच ऐकली, ती अशी.

झीलकऱ्याचे काम

पोवाडा हे मावळच्या मुलखाशी जडलेले दुसरे श्राव्य साहित्य. अफजलखानवधाचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि सिंहगडाचा तुळशीदासाचा पोवाडा हे शिवकाळातले मानले जातात आणि दोन्हींत मावळ्यांची नावे येतात. पोवाड्यात मुख्य शाहीर एक, आणि मागे झील धरणारे दोघे-तिघे. डफ, तुणतुणे, झांज. झीलकरी शेवटचा शब्द उचलून घोळवतात, त्याला आपण शोभा समजतो. त्यामागे व्यवहार आहे. शाहिराला दम घ्यायला वेळ मिळतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ऐकणाऱ्याला ऐकलेली ओळ पचवायला वेळ मिळतो. मग शाहीर पद्य सोडून गद्यात येतो, प्रसंग साध्या बोलीत सांगतो, कुठे थट्टा करतो आणि पुन्हा चढ्या आवाजात पद्य धरतो. एकाच आवाजाची, एकाच वेगाची दोन तासांची कथा कुणालाही झोप आणील. पोवाड्याला हे माहीत होते.

या परंपरेत आमची माणसे पहिल्या ओळीत आहेत. उत्तर पेशवाईतले सगनभाऊ हे जातीने मुसलमान, धंद्याने शिकलगार. हत्यारांना धार लावणाऱ्या या माणसाच्या लावण्या पुण्यात गाजल्या. विसाव्या शतकात बार्शीचे शाहीर अमर शेख (१९१६-१९६९) आले. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी यांच्याकडून त्यांना लोकगीतांचा वारसा मिळाला, म्हणजे पुन्हा जात्याशीच नाते आले. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हजारोंच्या सभा त्यांच्या आवाजाने बांधून ठेवल्या. अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड या अंगाने पाहावी. सुरुवातीला बोलतो तो मुंबईला आलेला एक साधा मजूर, गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ झालेला. ऐकणारा त्या एकाच्या दुःखात शिरतो. मग तीच ताटातूट महाराष्ट्रापासून तुटलेल्या मराठी मुलखाची होते. हाच विषय पहिल्या ओळीपासून भाषणासारखा मांडला असता तर सभा ऐकून घरी गेली असती. निवेदक कोण असावा आणि मोठा मुद्दा किती उशिरा सांगावा, हे या शाहिरांना नीट कळत होते.

शेवट माहीत असलेली गोष्ट

आज कथेच्या आनंदाविषयी बोलताना उत्कंठेला फार महत्त्व दिले जाते. पुढे काय होणार हे कळू नये, असा आग्रह असतो. आपल्या ऐकीव कथेचा इतिहास याला पुरा दुजोरा देत नाही.

मोहरममध्ये महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत करबलची गाणी होतात. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत प्रसिद्ध आहेत आणि तेथले मेळे गातात त्यांत हिंदू-मुसलमान दोघे असतात. इमाम हुसेन यांचे काय झाले, हे ऐकणाऱ्यांतील प्रत्येकाला गाणे सुरू होण्याआधीच ठाऊक असते. तरी दरवर्षी माणसे ऐकतात आणि डोळे पुसतात. येथे उत्कंठा 'काय' घडले याची नसते, 'कसे' सांगितले याची असते. पाण्यासाठी तळमळणारी मुले, तंबूत वाट पाहणारी आई, रिकामा परतलेला घोडा, यांतील कोणत्या प्रसंगावर गायक यंदा थांबतो, कुठे आवाज खाली आणतो, यावर सारे अवलंबून असते.

उर्दूतल्या दास्तानगोईने हे थांबणे कलेच्या पदवीला नेले. अमीर हमजाची दास्तान सांगणारे दास्तानगो रज्म, बज्म, तिलिस्म आणि अय्यारी अशी चार अंगे मानत : लढाई, मैफल, जादूचा मुलूख आणि चतुर हेरांच्या करामती. एक अंग ताणले की दुसरे आणायचे, म्हणजे कान शिणत नाही. 'दास्तान रोकना' ही तर त्यांची खास करामत होती. प्रसंग ऐन रंगात असताना कथा पुढे न नेता वर्णनावर वर्णन चढवीत राहायचे आणि तरीही श्रोता उठू द्यायचा नाही. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ही दास्तान ४६ खंडांत छापली. छापून झाली तोवर ऐकणारे पांगत चालले होते. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ साली वारले, ते या परंपरेतले अखेरचे मोठे दास्तानगो समजले जातात. २००५ साली शम्सुर्रहमान फारुकी यांच्या प्रेरणेने महमूद फारुकी यांनी ती पुन्हा रंगमंचावर आणली. मध्ये सत्याहत्तर वर्षे गेली. सांगणाऱ्यांची साखळी तुटली की पुस्तक कपाटात असूनही कथा मुकी होते, याचा हा दाखला आहे.

यंत्र आले

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ तयार केला. पुढच्याच वर्षी त्याने या यंत्राच्या उपयोगांची यादी केली, तीत अंधांसाठी बोलणारी पुस्तके होती. पण यंत्राची पट्टी आखूड होती. १९०२ साली गौहर जान यांचा आवाज कोलकात्यात तबकडीवर घेतला गेला, तेव्हा एका बाजूला मिनिटे मावत तीन-साडेतीन. रात्ररात्र चालणारे गाणे तेवढ्यात बसवावे लागे. पोवाड्याचीही तीच गत झाली. झीलकऱ्याचा घोळ, मधले गद्य, थट्टा हे सारे गळाले आणि उरला फक्त जोश. यंत्राच्या मापाने कथेचा घाट बदलतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

संपूर्ण पुस्तक तबकडीवर आले ते १९३०च्या दशकात, अंधांसाठीच. अमेरिकेत १९३४ साली आणि इंग्लंडात १९३५ साली ही बोलती पुस्तके वाचकांना मिळू लागली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले अनेक सैनिक बोटांनी ब्रेल शिकू शकले नव्हते, त्यांची निकड यामागे होती. इंग्लंडातल्या पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' ही कादंबरी होती. जाणकारांना ठाऊक आहे की, या कादंबरीचे सारे मर्म ती कोण सांगतो आणि सांगताना काय गाळतो, यात आहे. वाचणारा कलावंत आवाजात किंचित जरी जास्त सूचक झाला तर गोष्ट फुटली. शब्दांत जे लपवले आहे ते आवाजाने उघडे पाडू नये, ही निवेदनाची शिस्त बोलत्या पुस्तकाला आरंभीच शिकावी लागली.

आपल्याकडे मुंबईची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ साली स्थापन झाली. तिने अंधांसाठी ध्वनिमुद्रित पुस्तकांचे ग्रंथालय चालवले. कुसगावहून काही मैलांवर खंडाळ्याला वृद्ध अंधांसाठी या संस्थेने वसतिगृह उभे केले. श्राव्य पुस्तक डोळस माणसाला चैन किंवा सोय वाटते. ज्याला उतारवयात दिसेनासे झाले आणि ब्रेल शिकण्याचे वय उरले नाही, त्याला तेच एक पुस्तक असते. या वाचकांची चळवळ पुढे कायद्यापर्यंत गेली. २०१२ साली भारताच्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग वाचकांसाठी पुस्तकांचे रूपांतर करायला मुभा मिळाली. २०१३ च्या मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला, २०१४ साली. या ग्रंथालयांसाठी अनेक स्वयंसेवकांनी मोबदला न घेता पुस्तके वाचून दिली. आवाज मुरलेला नसेल. पण हे पुस्तक कुणासाठी वाचतो आहोत ते त्यांना माहीत होते, आणि ते ऐकू येते.

आकाशवाणी आणि कथाकथन

मराठी कथेला कानाची सवय नव्याने लावली ती आकाशवाणीने. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, तेथून गीतरामायण सुरू झाले आणि १९५६ च्या एप्रिलपर्यंत चालले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडके यांचे संगीत. कथा हजारो वर्षे माहीत असलेली. तरी दर आठवड्याच्या नव्या गीतासाठी माणसे रेडिओभोवती जमत. बांधणी पाहा : कुश आणि लव रामाची कथा खुद्द रामालाच ऐकवतात, आणि तो श्रोत्यांत बसला आहे हे आपल्याला माहीत असते. पुढे दशरथ, कैकेयी, सीता, हनुमान असे एकेक पात्र स्वतःच्या तोंडाने आपला प्रसंग सांगते. एकच निवेदक सबंध वर्षभर बोलत नाही. प्रत्येक गीत आपल्यापुरते पुरे. जात्यावरच्या ओवीचीच ही मोठी बहीण आहे.

याच पुणे केंद्रात व्यंकटेश माडगूळकर अनेक वर्षे ग्रामीण कार्यक्रम पाहत होते. ते, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी महाराष्ट्रभर कथाकथनाचे कार्यक्रम केले. गणेशोत्सवाच्या मांडवात, वाचनालयाच्या अंगणात, साखर कारखान्याच्या मैदानात माणसे त्यांच्या कथा ऐकायला आली. लेखक कागद हातात न घेता सांगतो म्हटल्यावर कथाही बदलते. लांब वर्णने पडतात, संवाद वाढतात, माणसे त्यांच्या बोलीने ओळखू येतात. शंकर पाटलांच्या कथेतला माणूस नुसता 'आरं' म्हणाला की तो कोण, कुठला, किती वयाचा हे सांगावे लागत नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ पासून 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली. पुढे त्यांच्या कथाकथनाच्या ध्वनिफिती घरोघरी गेल्या. दहादा ऐकून पाठ झालेला विनोद अकराव्यांदा ऐकताना माणसे आधीच हसू लागत. करबलचे रडणे आणि हे हसणे यांत कानाचा व्यवहार एकच आहे.

आजचे बोलते पुस्तक

२०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली आणि तिने इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीची निवड केली. मागोमाग इतरही आले. मराठी कादंबऱ्या, चरित्रे, कथासंग्रह फोनमध्ये बोलू लागले. दोनशे पानांची कादंबरी सावकाश वाचली तर सात-आठ तास घेते. मुंबई-पुण्याच्या दोन-तीन खेपांत ती संपते.

कोणते पुस्तक कानाला मानवते, याचे काही ठोकताळे वरच्या इतिहासातूनच निघतात. एका माणसाने 'मी' म्हणून सांगितलेली गोष्ट कानात चटकन शिरते. निवेदक आणि आवाज एकच होतो. सरळ काळाने जाणारी कथा सोपी पडते. काळाच्या उड्या असतील तर प्रत्येक उडीआधी एखादी खूण लागते, जी छापील पानावर कोरी जागा सोडून साधली जाते. पात्रे वीस असतील आणि त्यांची नावे सारखी असतील तर श्रोता हरवतो. तळटिपा, आकडे, वंशावळी ऐकवत नाहीत. म्हणून अशा पुस्तकांना नावे ठेवू नयेत. ती डोळ्यांसाठी लिहिलेली आहेत. कानासाठी मुद्दाम लिहिलेल्या, तासा-तासाच्या भागांच्या मालिकाही मराठीत आल्या. प्रत्येक भागाच्या शेवटी कथा टांगून ठेवण्याचे त्यांचे तंत्र दास्तानगोच्या घरचे आहे. मात्र नुसते टांगणे आले आणि रोखून धरता आले नाही, तर श्रोता तिसऱ्या भागाला उतरून जातो.

आवाजाचे म्हणाल तर अभिनय जितका जास्त तितके बरे, असे नाही. प्रत्येक पात्राला निराळा गळा, दर वाक्याला हुंदका, पाठीमागे अखंड संगीत, असे झाले की श्रोत्याला स्वतःच्या मनाने काही पाहायला जागा उरत नाही. उलट बातम्या दिल्यासारखे सपाट वाचले तर कथा मरते. चांगला वाचक लेखकाच्या एक पाऊल मागे चालतो. वाक्याचा भार कुठल्या शब्दावर आहे ते ओळखून तेवढाच शब्द उचलतो.

आता मुद्द्यावर येऊ. छापील पान मुके असते, म्हणून ते उदार असते. हमीद दलवाई यांची 'इंधन' ही कादंबरी कोकणातल्या मुसलमान गावाची आहे. ती वाचताना चिपळूणचा वाचक आपल्या कानातला उच्चार तिला देतो, सोलापूरचा आपला देतो. श्राव्य पुस्तकात हा अधिकार एका माणसाच्या हाती जातो. तो माणूस जर प्रमाण भाषेच्या शिस्तीत घडलेला असेल, तर कोकणी मुसलमान बाई, मावळातला म्हातारा कातकरी आणि मराठवाड्यातला दखनी बोलणारा शिकलगार हे तिघे एकाच पेठेतले असल्यासारखे बोलू लागतात. नाही तर त्याहून वाईट होते : त्यांची बोली विनोदी करून वाचली जाते. नाटक-सिनेमातल्या मुसलमान पात्राच्या तोंडचे ठरावीक हिंदी-मराठी आम्ही पुष्कळ ऐकले आहे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, त्या घरातला माणूस कथेत आला की त्याची जीभ उगाच अडखळवायची, ही खोड आता पुस्तकांच्या आवाजात उतरू नये. आणि माणसाऐवजी यंत्राकडून वाचून घेण्याची सोय झाली आहे, तेव्हा ही काळजी वाढली आहे. यंत्र शिकते ते ज्या आवाजांचा साठा त्याला दिला त्यावरून. त्या साठ्यात आमचे आवाज नसतील तर यंत्राच्या लेखी आम्ही बोलतच नाही.

पण याच साधनात आमच्यासाठी एक मोठी शक्यता आहे, तिच्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. महाराष्ट्रातल्या मुसलमान घरांत लिपीची एक भिंत आहे. उर्दू शाळेत शिकलेली बहीण मराठी ऐकते, बोलते, बाजारहाट मराठीत करते. पण देवनागरी कादंबरी तिला जड जाते. मराठी शाळेत शिकलेला भाऊ घरात दखनी बोलतो. पण इस्मत चुगताई किंवा मंटो त्याला उर्दू लिपीत वाचता येत नाहीत. एकाच घरात, एकाच ताटात जेवणारी दोन माणसे परस्परांची पुस्तके उघडू शकत नाहीत. कानाला लिपी नसते. जी कथा डोळ्यांना भिंतीपलीकडची आहे, ती ऐकायला दोघांना एकत्र बसता येईल. चक्कीनाम्याने फारसीची भिंत ओलांडली, ती हीच युक्ती वापरून.

याकरिता काही कामे हाती घ्यावी लागतील. मुस्लिम मराठी लेखकांच्या कथा-कादंबऱ्या ध्वनिमुद्रित करताना त्या त्या भागातला वाचक शोधावा. प्रकाशकाशी करार करताना श्राव्य हक्काबरोबर आवाजाविषयी लेखकाचे मत विचारले जावे, असे कलम मागावे. ज्यांना करबलची गाणी, दखनी कहाण्या, जात्यावरच्या ओव्या येतात ती माणसे वयाने थकली आहेत. त्यांचे आवाज त्यांच्या संमतीने आणि नावानिशी टिपून ठेवावेत. त्यासाठी मोठा स्टुडिओ लागत नाही. दारे-खिडक्या लावलेली खोली, भिंतीला टांगलेली गोधडी आणि साधा फोन एवढ्यावर आरंभ होतो. महाविद्यालयांतल्या मराठी आणि उर्दू विभागांनी मिळून एखाद्या तालुक्यापुरते जरी हे काम घेतले तरी पाच वर्षांत चांगला संग्रह उभा राहील. मावळ हा त्यासाठी योग्य तालुका आहे. ओव्यांचे काम येथे एकदा झाले आहे, त्याचा वस्तुपाठ समोर आहे.

मीर बाकर अली गेल्यानंतर दास्तान परत यायला सत्याहत्तर वर्षे लागली, आणि तीही आली कारण मजकूर निदान छापलेला होता. आमच्या आजींच्या कहाण्या कुठेच छापलेल्या नाहीत. त्या ऐकणारे आम्ही अजून आहोत, सांगणाऱ्या थोड्या उरल्या आहेत, आणि आवाज धरून ठेवणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. या तिन्ही गोष्टी फार काळ एकत्र राहणार नाहीत. काम आज सुरू करावे.